दूर गेलेला कवी, जवळ आलेलं देहू

देहू आणि पूर-कनेरसर ही दोन गावं आपल्या चाकणच्या औद्योगिक पट्ट्याच्या दोन अंगांना आहेत. देहू तुकोबांचं. खेड तालुक्यातल्या पूर-कनेरसरला १९४९ साली नामदेव ढसाळांचा जन्म झाला. एक कवी सतराव्या शतकातला, दुसरा ‘गोलपिठा’चा. दोघांनीही मराठी भाषा मुळापासून हलवली आणि दोघांची कविता पुस्तकरूपानं इंग्रजी वाचकापर्यंत नेण्याचं मोठं काम एकाच माणसानं केलं: दिलीप पुरुषोत्तम चित्रे. हा माणूस देहूचा नव्हता आणि खेडचाही नव्हता. जन्म बडोद्याचा, वाढ मुंबईची, उमेदीची वर्षं आफ्रिकेत, पुढं अमेरिका, भोपाळ, जर्मनी आणि अखेर पुणे. त्यांच्या एकाहत्तर वर्षांच्या आयुष्याकडे आज वळून पाहताना मला एक गोष्ट ठळक दिसते. आपल्या पायाखालच्या मातीतली कविता किती मोठी आहे, हे आपल्याला सांगायला सतत घर सोडत राहिलेला एक कवी यावा लागला.

चित्र्यांना कुणी हद्दपार केलं नव्हतं. सावरकरांसारखी सक्तीची ताटातूट त्यांच्या वाट्याला आली नाही. तरी गाव सुटल्याची जाणीव त्यांच्या कवितेत सुरुवातीपासून आहे. १७ सप्टेंबर १९३८ रोजी बडोद्यात जन्म. वडील पुरुषोत्तम आत्माराम चित्रे ‘अभिरुची’ हे मासिक चालवत. मर्ढेकरांची कविता जिथं छापली जात होती, त्या घरात हा मुलगा वाढला. बडोद्यातलं मराठी घर म्हणजे भोवती गुजराती आणि उंबऱ्याच्या आत मराठी. १९५१ साली कुटुंब मुंबईला आलं आणि वयाच्या तेराव्या वर्षीच पहिलं घर मागं राहिलं. १९५४ मध्ये अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांच्यासोबत ‘शब्द’ हे अनियतकालिक निघालं. मराठीतल्या लघुनियतकालिकांच्या चळवळीचा आरंभ अनेक जण तिथून मानतात. तेव्हा चित्रे सोळा वर्षांचे होते.

१९६० साली ‘कविता’ हा पहिला संग्रह आला आणि त्याच वर्षी ते इंग्रजी शिकवायला इथिओपियात गेले. तीन वर्षं तिथं काढली. हेले सेलासी यांच्या राजवटीतला तो देश. भोवतीची भाषा, लिपी, धर्म, डोंगर, सगळंच निराळं. त्या काळावर त्यांनी ‘शिबा राणीच्या शोधात’ हे पुस्तक लिहिलं. मराठी प्रवासवर्णनात तेव्हा युरोपची वाट रुळलेली होती. हा कवी आफ्रिकेच्या एका प्राचीन संस्कृतीत राहून, तिथल्या मुलांना शिकवून परतला.

परतल्यावरची मुंबईची वर्षं भरगच्च आहेत. ‘ऑर्फियस’मधल्या कथा, चित्रकला, इंग्रजीतली ‘अँब्युलन्स राइड’ ही दीर्घ कविता. या सगळ्यात मला १९६७ सालचं एक काम फार मोलाचं वाटतं: १९४५ ते १९६५ या वीस वर्षांतल्या मराठी कवितेचा त्यांनी संपादित केलेला इंग्रजी संग्रह. वय अवघं एकोणतीस. आपल्या भाषेत काय घडतंय हे बाहेरच्या माणसाला नीट मांडून दाखवायची तळमळ त्यात आहे. परक्या देशात राहिलेल्या माणसाला कुणी ना कुणी विचारतंच, ‘तुमच्या भाषेत काय आहे?’ चित्र्यांनी त्या प्रश्नाचं उत्तर आयुष्यभर दिलं. हा संग्रह म्हणजे त्या उत्तराची सुरुवात.

१९७५ मध्ये ते आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखक कार्यक्रमासाठी अमेरिकेला गेले. त्याच वर्षी इकडे आणीबाणी लागली. जगभरातून आलेल्या लेखकांमध्ये राहायचं आणि आपल्या देशात बोलण्यावर बंदी आल्याच्या बातम्या वाचायच्या, असा तो काळ. १९८० साली ‘क्लिअरिंग हाउस’नं त्यांचा ‘ट्रॅव्हलिंग इन अ केज’ हा इंग्रजी संग्रह काढला. प्रवास आणि पिंजरा हे दोन्ही त्याच्या नावातच आहेत. माणूस कितीही लांब गेला तरी स्वतःची भाषा, शरीर आणि आठवणी बरोबरच नेतो, हे त्या कवितेचं दुखणं आहे. मधल्या काळात, १९७८ साली, ‘कवितेनंतरच्या कविता’ हा मराठी संग्रह आला. दोन भाषांत लिहिणारे कवी इतरही होते, पण दोन्हींत सारख्याच जोरानं आणि सारख्याच जोखमीनं लिहिणारे कोलटकर आणि चित्रे यांच्यासारखे अगदी मोजके.

पुढचा टप्पा भोपाळचा. भारत भवनात कवितेच्या ग्रंथालयाची आणि अनुवाद केंद्राची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘गोदाम’ या चित्रपटाला १९८४ साली फ्रान्समधल्या नांत इथल्या महोत्सवात परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरात युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. त्यांच्या एकुलत्या एका मुलाच्या श्वासाला त्या विषानं कायमची इजा केली. २००३ साली पुण्यात त्याचा मृत्यू झाला. बापाच्या उत्तरायुष्यातल्या लेखनावर या मृत्यूची गडद सावली आहे.

इथं आपल्या पट्ट्याचा इतिहास या कवीच्या दुःखाजवळून जातो. युनियन कार्बाइड २००१ साली डाऊ केमिकलनं विकत घेतली. याच डाऊचं संशोधन केंद्र चाकणजवळ शिंदे-वासुली इथं, भामचंद्र डोंगराच्या परिसरात उभं राहणार होतं. तुकोबांनी एकांतात चिंतन केलं ते डोंगर म्हणून भंडारा आणि घोराडेश्वराबरोबर भामचंद्राचं नाव वारकरी घेतात. २००८ साली गावकरी आणि वारकरी रस्त्यावर उतरले, काम बंद पडलं आणि ते केंद्र तिथं झालं नाही. भोपाळच्या माणसांचं मरण देहूच्या वाटेवरच्या माणसांना आपलं वाटलं, याचं मोल मला फार वाटतं.

भोपाळनंतर चित्रे पुण्याला आले. तुकोबांचं काम तरुणपणापासून सुरूच होतं, आता ते पुस्तकांच्या रूपात उभं राहिलं. १९९० मध्ये ‘पुन्हा तुकाराम’, १९९१ मध्ये पेंग्विननं काढलेला ‘सेज तुका’ हा इंग्रजी अनुवाद. तुकोबा त्याआधीही इंग्रजीत गेले होते. नेल्सन फ्रेझर आणि के. बी. मराठे यांचे तीन खंड विसाव्या शतकाच्या आरंभीचे आहेत, आणि ते काम कष्टाचं आहे. पण त्यात संताची वचनं कळतात, समोर उभा राहून भांडणारा माणूस तेवढा ऐकू येत नाही. चित्र्यांनी अभंगाचं यमक इंग्रजीत ओढून आणलं नाही. छोट्या ओळींत बोलण्याचा सूर धरला. दुष्काळानं मोडलेला वाणी, देवाशी हुज्जत घालणारा भक्त, आपल्या शब्दांवर जीव टाकणारा कवी अशी माणसं त्यातून समोर येतात. इंग्रजीत शेक्सपिअर किंवा जर्मनमध्ये ग्योटे, तसे मराठीत तुकाराम, असं ते ठामपणे मांडत. १९९४ साली ‘सेज तुका’ला अनुवादाचा आणि ‘एकूण कविता – १’ला मराठीचा, असे साहित्य अकादमीचे दोन पुरस्कार त्यांना मिळाले.

१९९१-९२ मध्ये ते जर्मनीत हायडेलबर्ग आणि बाम्बर्ग विद्यापीठांत निवासी लेखक होते. लोठार लुट्झे यांनी पुढं तुकोबांना जर्मनमध्ये नेलं. १९९६ साली चित्र्यांचा ‘अनुभवामृता’चा इंग्रजी अनुवाद आला. २००७ साली ‘नवयान’नं ढसाळांच्या १९७२ ते २००६ या काळातल्या कवितांचा त्यांनी केलेला अनुवाद प्रसिद्ध केला. ढसाळ हे त्यांचे मित्र. कामाठीपुऱ्याची शिवराळ, जखमी, भव्य भाषा इंग्रजीत न्यायला इंग्रजीचीही मोडतोड करावी लागते, आणि ती हिंमत त्यांच्यात होती. तुकोबा आणि ढसाळ यांच्यामध्ये त्यांनी भिंत घातली नाही. दोघांकडेही त्यांनी भाषेशी जिवाच्या करारानं झुंजणारे कवी म्हणूनच पाहिलं. १० डिसेंबर २००९ रोजी कर्करोगानं पुण्यात त्यांचं निधन झालं.

आता आपल्या पट्ट्याकडे पाहू. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात एमआयडीसी आणि टेल्को आली, १९८२ मध्ये महापालिका झाली, पुढं चाकण वाढलं. या प्रत्येक टप्प्यावर इथं माणसं गाव सोडून आली. लातूर-बीडची, जळगाव-बुलढाण्याची, मग बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची. भोसरी, चिखली, म्हाळुंगे, खराबवाडीच्या खोल्यांत राहणाऱ्यांना गाव सुटणं म्हणजे काय, हे चित्र्यांइतकंच ठाऊक आहे. दरवर्षी तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते, तेव्हा कारखान्यातून सुटलेले हे कामगार रस्त्याच्या कडेला हात जोडून उभे असतात. त्यातल्या कित्येकांना अभंगाचे शब्द कळत नाहीत.

म्हणून चित्र्यांचं काम इथं संपलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं. त्यांनी तुकोबांना जगाच्या भाषेत नेलं. आपण त्यांना शेजारच्या खोलीतल्या माणसाच्या भाषेत न्यायला हवं. हिंदी, भोजपुरी, ओडियात वाचता येतील असे निवडक अभंग आणि ढसाळांच्या निवडक कविता महापालिकेच्या वाचनालयांत, कामगार वसाहतींत पोहोचवता येतील. देहूच्या गाथा मंदिराच्या भिंतींवर संगमरवरात कोरलेले अभंग पाहायला येणाऱ्या परप्रांतीय कामगाराच्या हाती त्याच्या भाषेतलं एक छोटं पुस्तक देता येईल. या कामाला फार पैसा लागत नाही. दोन भाषांमध्ये जगणारी माणसं लागतात, आणि तशी माणसं या पट्ट्याइतकी महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असतील.