कळलावी : भीती कशाची बाळगावी?

श्रावणात कोकणातल्या गडग्यांवर आणि सह्याद्रीच्या रानकडांना कळलावी फुलते. पानांची टोकंच तणाव्यासारखी वळतात आणि शेजारच्या झुडपाला धरून वेल वर चढते. फूल खाली मान घालून लोंबतं, पण नागमोडी कडांच्या सहाही पाकळ्या उलट्या वळून आभाळाकडे जातात. तिचं दुसरं नाव अग्निशिखा.

एकाच वेलीवर पिवळी आणि लाल फुलं पाहून काहींना दोन जातींचे वेल गुंतल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात एकच फूल वयानुसार रंग बदलतं : उमलताना हिरवट-पिवळं, मग नारिंगी, शेवटी लालभडक.

ही दारात लावली की घरात भांडणं लागतात, हा समज तर फारच पसरलेला. त्यापायी कितीतरी अंगणांतून ती उपटली गेली. पण कोकणात याच फुलांनी गौर सजते. गौरीला चालणारं फूल घरात कलह कसा लावेल? नावातली कळ भांडणाची नव्हे, बाळंतपणाची. अडलेल्या बाईच्या बेंबीवर आणि ओटीपोटावर कंदाचा लेप लावण्याची जुनी रीत होती. नांगराच्या आकाराच्या या कंदामुळे संस्कृतात तिला लांगली म्हणतात.

खरा धोका याच कंदात आहे आणि नेमका तिथेच लोक निर्धास्त असतात. ‘आयुर्वेदात सांगितलंय, मग अपाय कसला?’ असं सहज म्हटलं जातं. आयुर्वेदाने मात्र लांगलीला उपविषांत बसवलं आहे आणि गोमूत्रात शोधन केल्याशिवाय ती वापरू नये असं बजावलं आहे. वेलीच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन असतं. कंदात आणि बियांत विशेष. ते पेशींचं विभाजनच रोखतं. शिजवल्याने ते नाहीसं होत नाही, त्यामुळे रताळं समजून उकडलेला कंदही जीवघेणा ठरतो. गर्भ पाडण्यासाठी कंद पोटात घेणं म्हणजे बाईचा जीव पणाला लावणं आहे.

विषबाधेची लक्षणं काही तासांनी दिसतात. उलट्या-जुलाब सुरू झाले की बाहेरचं खाणं बाधलं असं वाटतं आणि मोलाचा वेळ जातो. पुढे रक्तपेशी घटतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. वाचलेल्यांचे केस काही दिवसांनी झडतात. दवाखान्यात सहज मिळेल असा उतारा यावर नाही. म्हणून उलटीची वाट न पाहता रुग्णाला रुग्णालयात न्यावं आणि उरलेला कंद सोबत न्यावा. काही भागांत कळलावीलाही बचनाग म्हणतात. खरा बचनाग हिमालयातला, त्याचं विष थेट हृदयावर जातं. डॉक्टरांना नुसतं नाव सांगून भागणार नाही ते याचसाठी.

हेच कोल्चिसिन गाऊटवर, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीवर, औषध आहे. त्याची गोळी जेमतेम अर्ध्या मिलिग्रॅमची असते. कंदाच्या तुकड्यात किती विष आहे हे घरी कोण मोजणार? या औषधासाठीच तमिळनाडूत दिंडुक्कल, करूर भागातले शेतकरी बियांसाठी कळलावीची शेती करतात. कळलावीचं फूल त्या राज्याचं राज्यपुष्पही आहे.

कळलावी अंगणात जरूर लावावी. पावसाळा सरला की वेल वाळते, पण कंद जमिनीत जिवंत असतो, म्हणून मेली समजून खणू नये. कंद हाताळताना हातमोजे घालावेत, नंतर हात स्वच्छ धुवावेत आणि सुरण-रताळ्यांच्या वाफ्याजवळ तिला कधीही जागा देऊ नये.