परदेशचे लाकूड

पालघरहून मनोरकडे जाताना सूर्या नदीच्या काठी मासवण हे गाव लागते. या परिसरातील रानांत साग, ऐन, खैर व बांबू वाढतात. येथील वारली लोक पिढ्यान्‌पिढ्या रानातून जळण, मोहाची फुले, मध आणि डिंक आणीत आले आहेत. तरीही मुलांनो, तुमच्या वहीच्या कागदाचा लगदा किंवा बोईसरच्या एखाद्या कारखान्यातील खोक्यांचे लाकूड कदाचित समुद्रापलीकडून आलेले असेल.

देशाबाहेरून विकत आणलेल्या मालास आयात म्हणतात. ओंडके, कापीव लाकूड, लगदा व कागद हा सर्व वनोपजांचा माल होय. लाकूड घनमीटरने मोजतात, तर कागद टनाने. त्यामुळे त्यांची बेरीज करावयाची ती किमतीतच करावी लागते. शिवाय देशोदेशींची नाणी भिन्न असल्याने तुलना बहुधा अमेरिकन डॉलरांत केली जाते.

आता भारत व चीन यांची तुलना करू. दोन्ही देशांची लोकसंख्या प्रत्येकी सुमारे १४० कोटी आहे. परंतु चीनची वनोपजांची आयात भारताच्या कित्येक पट आहे. यावरून चीन वनांनी दरिद्री आहे असे म्हणावे, की धनाने संपन्न? केवळ एका आकड्यावरून निर्णय करणे योग्य नव्हे.

प्रथम, किंमत म्हणजे परिमाण नव्हे. समजा, एका देशाने १५ हजार रुपये दराने १० घनमीटर पाइन घेतले आणि दुसऱ्याने ७५ हजार रुपये दराने २ घनमीटर साग घेतला. दोघांचाही खर्च दीड लाखच होईल. लाकूड मात्र एकाकडे पाचपट येईल. दुसरे असे, की चीन आणलेल्या लाकडापैकी पुष्कळसे फर्निचर व प्लायवूड करून जगाला विकतो. म्हणजे ती सारी आयात त्याच्या स्वतःच्या उपयोगाची नसते.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १९९८ साली चीनमध्ये यांगत्सी नदीला महापूर आला. नदीच्या वरच्या खोऱ्यातील बेसुमार वृक्षतोड हे त्याचे एक कारण मानले गेले. मग सरकारने नैसर्गिक वनांतील तोडीवर निर्बंध घातले. कुऱ्हाड थांबली, पण गरज थांबली नाही. रशियासारख्या देशांतून लाकूड येऊ लागले. आपल्याकडेही १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मनमानी वृक्षतोडीस आळा घातला. आपणही म्यानमारचा साग आणि न्यूझीलंडचे पाइन आणीत होतो. न्यूझीलंडमध्ये हे पाइन मुद्दाम लावून वाढवितात. म्यानमारचा साग मात्र मुख्यतः नैसर्गिक अरण्यांतून येई. ती अरण्ये ओसरू लागली, तेव्हा म्यानमारने २०१४ साली ओंडक्यांची निर्यात बंद केली.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मासवणची एखादी माउली डोक्यावरून जळणाची मोळी आणते, तिची नोंद आयातीच्या हिशेबात कोठेच नसते. रान उजाड झाले, तर तिला तेच जळण दूरवरून आणावे लागेल किंवा पैसे मोजून घ्यावे लागेल.

म्हणून आयातीचे आकडे वाचताना किती रुपये, एवढेच पाहू नये. कोणता माल, कोणासाठी आणि कोणत्या रानातून आला, हेही विचारावे. आपले रान राखताना दुसऱ्याचे रान उजाड होऊ नये, यासाठी लावलेल्या झाडांचे लाकूड वापरणे आणि कागद जपून वापरणे हे दोन मार्ग आपल्या हाती आहेत.