दम धरणे, दम कोंडणे

गोष्टीतला धनुर्धर नेहमी 'श्वास रोखून' नेम धरतो. हे शब्द लहानपणापासून इतके कानांवर पडले आहेत की बाण सोडायचा तर छाती फुगवायची आणि दातओठ आवळायचे, असेच आपल्याला वाटते. जुन्या धनुर्विद्येतले जाणते मात्र वेगळेच सांगत आले.

इंग्लंडचे धर्मोपदेशक ह्यू लॅटिमर यांनी १५४९ मध्ये बालराजा सहाव्या एडवर्डसमोर प्रवचन करताना वडिलांची शिकवण सांगितली होती: धनुष्य हाताच्या जोरावर ओढायचे नाही, सगळे अंग त्यात घालायचे. हे किती खरे, ते 'मेरी रोझ'मुळे कळते. १५४५ मध्ये बुडालेल्या या युद्धनौकेवरची धनुष्ये पूर्ण ओढायला, अभ्यासकांच्या अंदाजाने, ४५ ते ८० किलोंपर्यंत जोर लागे. नुसत्या दंडाचे ते काम नव्हे. ते पाठीचे, खांद्याच्या पात्यांचे काम.

आणि इथेच श्वासाचा संबंध येतो. श्वास छातीच्या वरच्या भागात भरला की मानेचे स्नायू खांदे वर उचलतात. खांदे उचलले की पाती सुटतात आणि सगळा भार दंडावर येतो. मग हात थरथरतो. श्वास पोटात उतरला तर खांदे आपोआप खाली बसतात.

जपानच्या 'क्यूदो' धनुर्विद्येत या गोष्टीचा जितका बारकाईने विचार झाला, तितका मला दुसरीकडे दिसला नाही. सव्वादोन मीटरच्या आसपास उंचीचे धनुष्य, २८ मीटरवर ३६ सेंटिमीटरचे लक्ष्य आणि बाण सोडण्याच्या आठ पायऱ्या. त्यांतली सहावी 'काइ', म्हणजे पूर्ण ओढलेली अवस्था. बघणाऱ्याला धनुर्धर थांबलेला वाटतो, पण आत पाठ दोन्ही बाजूंना उलगडतच असते. श्वास बेंबीखाली, 'तांदेन'पाशी, स्थिरावलेला असतो. आपल्याकडे 'दम धर' म्हणतात, तो हाच दम. कोंडलेला दम वेगळा: त्याने गळा आवळतो, छाती दाटते आणि मूठ घट्ट होते.

जर्मन तत्त्वज्ञ ऑयगेन हेरिगेल १९२०च्या दशकात सेंदाईत आवा केन्झो यांच्याकडे शिकत होते. धनुष्य ओढताना त्यांचे हात कापत, धाप लागे. गुरूंनी स्वतः धनुष्य ओढून त्यांना आपले दंड चाचपायला सांगितले, तर ते सैल! हेरिगेल यांनी पुढे या साऱ्याला झेनचा रंग दिला. अभ्यासक शोजी यामादा यांनी २००१ मध्ये त्यातल्या गैरसमजांवर बोट ठेवले, आणि मला ते पटते. पण त्या सैल दंडांची नोंद त्यामुळे खोटी ठरत नाही.

ताण चुकीच्या जागी साचला की जडणाऱ्या दोन खोडींना क्यूदोत नावे आहेत. 'मोतारे' म्हणजे बाण सुटतच नाही. 'हायाके' म्हणजे पूर्ण ओढण्याआधीच, मनात नसताना, सुटून जातो. हायाके फार छळतो. चांगले मुरलेले धनुर्धरही त्यात सापडतात, कारण लक्ष्य दिसताच शरीर घाई करते आणि श्वास वर चढतो. नुसत्या निश्चयाने तो जात नाही. म्हणून लक्ष्यच डोळ्यांआड करतात. धनुर्धर हलके धनुष्य घेऊन 'माकिवारा' या पेंढ्याच्या भाऱ्यासमोर, जेमतेम धनुष्यभर अंतरावर उभा राहतो. उस्मानी तुर्कस्तानातही नवशिक्याला आधी 'केपाझे' हे मऊ धनुष्य मिळे, आणि तो दिवसेंदिवस ते बाणाशिवायच ओढत राही. माकिवारावर नेम चुकायला जागाच नसते. ओढायचे, श्वास खाली उतरेपर्यंत थांबायचे, आणि नाहीच उतरला तर बाण न सोडता धनुष्य हळूच परत आणायचे.