तीन मिलिमीटरचं भोक

पोटातल्या बाळावर उपचार करायला पहिली सुई आत गेली, तेव्हा डॉक्टरांना आतलं काही दिसत नव्हतं. १९६३ साल, न्यूझीलंडमधलं ऑकलंड. आईचं रक्त आरएच निगेटिव्ह, बाळाचं पॉझिटिव्ह, आणि बाळाच्या तांबड्या पेशी झपाट्याने नष्ट होत चाललेल्या. विल्यम लायली यांनी त्याला जन्माआधीच रक्त द्यायचं ठरवलं. सुई टोचायची कुठे? गर्भजलात त्यांनी एक्स-रेमध्ये उठून दिसणारं द्रव्य सोडलं. बाळ ते पाणी गिळतं, त्यामुळे त्याचं पोट चित्रात उमटलं. नेम त्या खुणेवर धरला.

पुढे सोनोग्राफी आली. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की आधी लिंगनिदानच आठवतं. पण गर्भावर शस्त्रक्रिया करणाऱ्याचे डोळे म्हणजे हेच यंत्र.

१९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल हॅरिसन यांनी गर्भाशय उघडून, मूत्रमार्ग तुंबलेल्या बाळावर शस्त्रक्रिया केली आणि बाळ पुन्हा आत ठेवलं. धाडस मोठंच. मात्र असं गर्भाशय उघडलं की वेळेआधी कळा सुरू होण्याची भीती, आणि पुढच्या प्रत्येक बाळंतपणात त्या व्रणाची काळजी. आजारी बाळ, आणि चीर मात्र धडधाकट आईला! म्हणून हत्यारं बारीक होत गेली.

हत्यारं तरी कुठली, बरीचशी उसनीच. असे रुग्ण इतके थोडे, की खास त्यांच्यासाठी उपकरण बनवणं कंपन्यांना परवडत नाही. युरोपात लूव्हनच्या यान डेप्रेस्ट यांच्यासारख्या डॉक्टरांनी उत्पादकांच्या मागे लागून दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या दुर्बिणी घडवून घेतल्या. त्यांचं खरं चीज झालं जुळ्यांमध्ये. दोघांत एकच वार असली की रक्तवाहिन्या एकमेकींना जुळतात; कधी कधी एकाचं रक्त दुसऱ्याकडे वाहत राहतं. एक सुकतं, दुसऱ्याभोवती पाणी फुगत जातं. दुर्बिणीतून केसासारखा लेझरचा तंतू नेऊन त्या वाहिन्या डागायच्या, म्हणजे एका वारेच्या दोन वाटण्या करायच्या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत लेझर केलेल्या ७६ टक्के गर्भारपणांत निदान एक बाळ जन्मानंतर २८ दिवस जगलं. नुसतं जादा पाणी काढलेल्यांत ५६ टक्के.

फुग्याची गोष्ट याहून विलक्षण. श्वासपटलाला भोक असलं की आतडी छातीत चढतात आणि फुप्फुसांना वाढायला जागाच उरत नाही. गर्भाची फुप्फुसं स्वतः द्रव तयार करतात. श्वासनलिका बंद केली की तो साचतो, फुप्फुसं ताणली जातात, वाढतात. बूच म्हणून मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठी बनवलेला चिमुकला फुगा आणला. आईला जागेपुरती भूल, बाळाला हालचाल थांबवणारं इंजेक्शन. मग साधारण तीन मिलिमीटरच्या नळीतून दुर्बीण बाळाच्या तोंडात, तिथून घशाखाली. २७ ते २९ आठवड्यांच्या दरम्यान फुगा बसवायचा, ३४व्या आठवड्यात काढायचा. २०२१ च्या चाचणीत, अगदी गंभीर बाळांपैकी फुगा बसवलेल्या ४० पैकी १६ घरी गेली; न बसवलेल्या ४० पैकी सहा.

पण त्याच चाचणीत फुगा बसवलेल्या ४७ टक्के आयांचं पाणी वेळेआधी गेलं. इतरांत ते ११ टक्के होतं. दुखणं इथेच आहे. पोटाची कातडी भरून येते, गर्भाशयही सावरतं. पाणमोटेचं पातळ आवरण मात्र भोक पडलं की नीट सांधत नाही. बुचं, गोंद, सगळं करून पाहिलं, भरवशाचं काही हाती आलेलं नाही. दुर्बीण आणखी किती बारीक करता येईल यापेक्षा हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याला दुर्बिणीइतकी चमक नाही.

त्यातून फुगा काढायलाही बहुतेकदा पुन्हा आत शिरावं लागतं. तो आत असतानाच कळा सुरू झाल्या तर जन्मलेलं बाळ श्वास कसा घेणार? म्हणून आईला आठवडेच्या आठवडे रुग्णालयाजवळ बिऱ्हाड करावं लागतं. फ्रान्समध्ये आता खास याच कामासाठी एक फुगा तयार झाला आहे. त्याच्या तोंडाशी चुंबकीय झडप असते. पॅरिस आणि लूव्हनमध्ये त्याच्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या. सुई नाही, दुर्बीण नाही. गर्भार बाई एमआरआय यंत्राभोवती चालत फेरी मारते, आणि आत झडप उघडून फुगा रिकामा होतो.