तिसरा हिस्सा गावाचा

शंभर वर्षांपूर्वी बडोदे संस्थानातल्या एखाद्या गावाला वाचनालयाची इमारत हवी असेल, तर हिशेब सरळ होता. खर्चाचा तिसरा हिस्सा गावकऱ्यांनी जमवायचा. तो जमला की तेवढीच रक्कम पंचायत देई आणि तेवढीच सरकार. गावाने वर्गणी काढलीच नाही, तर उरलेले दोन हिस्सेही तिजोरीतच राहत. संस्थानाचा धनी स्वखर्चाने गावोगाव वाडे बांधून देऊ शकला असता. सयाजीराव गायकवाडांनी ते टाळले, आणि या योजनेचे सगळे मोल त्या टाळण्यात आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेल्या या राजाने १९०६ मध्ये संस्थानभर मुलामुलींचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण चौथी शिकून शेतावर गेलेल्या मुलाच्या हाती पुढे पुस्तक आलेच नाही, तर चार वर्षांत तो अक्षरही विसरतो. ही गळती कशी थांबवायची, याचे उत्तर त्यांना अमेरिकेच्या प्रवासात तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांत दिसले. १९१० मध्ये त्यांनी कनेक्टिकटमधून विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतले. बॉर्डन हे मेल्विल ड्यूई यांच्या ग्रंथालय-विद्यालयात शिकवलेले गृहस्थ. तीन वर्षांत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, त्यासाठी महाराजांनी राजवाड्यातली सुमारे २० हजार पुस्तके देऊन टाकली. १९११ मध्ये ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग निघाला. देशातला तो पहिलाच मानला जातो.

मात्र बॉर्डन आले तेव्हा खेड्यांतली जमीन आधीच नांगरलेली होती. चरोतरातल्या वसो गावचे शिक्षक मोतीभाई अमीन यांनी १९०६ पासूनच ‘मित्रमंडळ’ वाचनालये सुरू केली होती. लोकांनी वर्गणी काढावी, शिक्षकाने कपाटाची किल्ली सांभाळावी, संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवावे, असा तो साधा व्यवहार होता. संस्थानाच्या खात्यात पुढे खेड्यांतल्या ग्रंथालयांचे काम त्यांच्याकडेच आले. परदेशी तज्ज्ञाचे नाव इतिहासात ठळक राहिले. पण गावाला स्वतःच्या खिशात हात घालायला लावण्याची कला या शाळामास्तरांची होती, हे विसरता कामा नये.

तिसऱ्या हिश्श्याचा नियम इमारतीपुरता नव्हता. दरवर्षीच्या खर्चालाही तो लागू होता. खेड्यातल्या वाचनालयाला सरकारकडून जास्तीत जास्त १०० रुपये, कसब्याच्या गावाला ३००, प्रांताच्या मुख्य शहराला ७००, आणि प्रत्येक वेळी लोकांनी व पंचायतीने तेवढेच घालायचे. म्हणजे गावाने १०० रुपये उभे केले की वाचनालयाच्या वहीत ३०० जमा होत. ज्या गावात हेही झेपत नसे, तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठवल्या जात.

अमेरिकेत त्याच सुमारास अँड्र्यू कार्नेगी यांचे दान सुरू होते. त्यांच्या पैशातून जगभर २,५०९ ग्रंथालये झाली, त्यांतली १,६८९ अमेरिकेत. अटी दोन: जागा गावाने द्यायची, आणि देणगीच्या एक दशांश इतकी रक्कम दरवर्षी करातून खर्च करायची. १० हजार डॉलरची इमारत हवी, तर वर्षाला हजार डॉलरचा ठराव आधी दाखवा. देणगीचा पत्रव्यवहार कार्नेगींचे चिटणीस जेम्स बर्ट्रम पाहत. भव्य घुमट, प्रशस्त दालने आणि शेकोट्यांवर पैसे उधळलेले आराखडे पाहून ते इतके वैतागले, की १९११ मध्ये त्यांनी नमुन्याच्या नकाशांची एक पुस्तिकाच काढली. एक मजला, खाली तळघरात व्याख्यानाची खोली, वर मोठ्यांचे आणि मुलांचे वाचनकक्ष, भिंती शक्य तितक्या कमी, म्हणजे एकाच ग्रंथपालाची नजर सगळीकडे पोहोचावी. आजही नकाशा घेऊन बसलेल्या समितीने वाचावी अशी ती पुस्तिका आहे.

तरीही १९१७ मध्ये कार्नेगी संस्थेने नव्या इमारतींचे अनुदान थांबवले. त्याआधी अर्थतज्ज्ञ अल्विन जॉन्सन यांनी अनेक गावांतली ग्रंथालये पाहून अहवाल दिला होता. इमारती होत्या, पण त्यांत शिकलेले ग्रंथपाल नव्हते. पुढचा पैसा माणसे घडवण्यावर खर्च करा, असा त्यांचा रोख होता. बडोद्याने प्रशिक्षणवर्ग सुरुवातीलाच काढला होता, याचे महत्त्व इथे कळते.

बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय आधी जुन्या सरकारवाड्यात होते. पुढे मांडवीजवळ त्यासाठी खास इमारत झाली. तिथे पुस्तकांसाठी अमेरिकेतल्या स्नीड कंपनीच्या पोलादी मांडण्या आणल्या. मजल्यांची जमीन जाड काचेची, त्यामुळे वरचा उजेड खालच्या फळ्यांपर्यंत उतरतो आणि आगीची भीती कमी राहते. खेड्याला साधी खोली आणि मुख्य ठिकाणी असा खर्च, ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. जिथून सगळीकडे पुस्तके जायची, तिथला साठा सुरक्षित हवाच.

१९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्यानुसार अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे वार्षिक अनुदान मिळते. तमिळनाडू, कर्नाटक, केरळ यांच्यासारखा ग्रंथालय कर मात्र आपल्याकडे नाही. इमारतीसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाचे साहाय्य मागता येते. आपल्याकडच्या कित्येक वाचनालयांना भिंतीवर नावाची पाटी लागेल म्हणून हॉलसाठी देणगीदार सापडतो, पण ग्रंथपालाच्या पगारासाठी आणि दरवर्षीच्या नव्या पुस्तकांसाठी कोणी पुढे येत नाही. बडोद्याच्या गावाला पायाभरणीच्या आधीच हे ठरवावे लागे, कारण पुढच्या वर्षीच्या वर्गणीवरच पुढच्या वर्षीचे दोन हिस्से अवलंबून होते.