आधी वरचा नट

सकाळच्या गारव्यात दुसरा गियर पडायला का-कू करायचा. पहिल्यातून दांडा खाली ओढला की मध्येच अडायचा, 'खर्र' करायचा आणि मग उपकार केल्यासारखा आत जायचा. दहा मिनिटं गाडी पळाली की सगळं सुरळीत. २०१४ची, एम.एच. १० पासिंगची, पाच गियरची छोटी पेट्रोल गाडी. पुण्यात एका एजंटाकडून घेतली तेव्हा मीटरवर ७२ हजार किलोमीटर होते. इंजिन ऑईल नवं, एअर फिल्टर नवा, बॅटरी गेल्या वर्षीची, असं त्याने बोटं मोजत सांगितलं. गियर ऑईलचं विचारलं तर हसला. "ते कुणी बदलतं का साहेब? लाइफटाइम असतं."

कुणाचा लाइफटाइम, हे विचारायचं राहून गेलं.

सोसायटीतल्या काकांचं मत आणखी ठाम. जुनं तेल काढलं की गियर 'सुटतात', तेव्हा चालू आहे ते चालू द्या. ही भीती मुळात ऑटोमॅटिक गाड्यांकडून आलेली आहे. त्यांच्या आत क्लचच्या चकत्या तेलातच बुडालेल्या असतात. झिजलेल्या चकत्यांना नवं तेल मानवत नाही, अशी कुरकुर तिथे ऐकू येते. साध्या हाताच्या गियरला तो प्रश्नच नाही. त्याचा क्लच बॉक्सच्या बाहेर, कोरडा असतो. आत फक्त दाते, बेअरिंग आणि पितळी रिंगा. तेल बदलल्याने सुटण्यासारखं तिथे काही नाही. असं मी काकांना समजावून सांगितलं आणि काकांनी अर्थातच मानलं नाही.

मला खरी काळजी वेगळीच होती. एम.एच. १० म्हणजे सांगली. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं होतं, २०२१च्या जुलैत पुन्हा. अशा पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन, सीट कव्हरं बदलून, सुगंधी डबी टांगून दुसऱ्या शहरात विकल्या जातात, हे ऐकून माहीत होतं. गियरबॉक्सला वर हवेसाठी एक बारीक वाट असते. तापलेला बॉक्स थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि त्या वाटेने, सीलच्या कडेने, पाणी आत ओढलं जातं. सीट कव्हरं खोटं बोलू शकतात, तेलाला ते जमत नाही.

धायरीतल्या गॅरेजवाल्या मिस्त्रींना, म्हणजे आमच्या मामांना, विचारलं. ते म्हणाले, "बदलायचं का नाही ते मागनं ठरवू. आधी आत काय आहे ते तर बघू."

तेल मात्र मी आणायचं ठरलं. नाना पेठेत दुकानदाराने काउंटरवर डबा आपटला. त्यावर ७५डब्ल्यू-९० लिहिलेलं होतं, पण खाली जीएल-५. मी जीएल-४ मागितलं. "अहो, पाच म्हणजे चारच्या पुढचं. वर घ्या, खाली कशाला जाता?" परीक्षेच्या टक्क्यांना लावतात तो न्याय इथे लागत नाही. जीएल-५ हे ट्रक-जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलमधल्या, एकमेकांवर घासत फिरणाऱ्या दात्यांसाठी असतं. त्यात गंधक-फॉस्फरसची भर जास्त. तीच भर काही गियरबॉक्समधल्या पितळेच्या मुळावर येते. शिवाय पितळी रिंगांना फार निसरडं तेल चालतच नाही.

का, ते चालत्या एसटीत चढलेल्यांना लगेच कळेल. फलाट सोडून निघालेल्या गाडीचा दांडा नुसता उभ्याने धरला तर खांदा निखळेल. आधी तिच्याबरोबर चार पावलं पळायचं, वेग जुळला की पाय वर. गियरमध्ये ही पळापळ पितळी रिंग करते, तिला सिंक्रो म्हणतात. कॅडिलॅकने १९२८मध्ये ही सोय पहिल्यांदा गाडीत आणली. रिंग फिरत्या गियरच्या उतरत्या कडेवर घासते, दोघांचा वेग एक होतो, मग दाते न कुरकुरता बसतात. तेल अतिनिसरडं असेल तर पळणाऱ्याच्या पायाखाली शेवाळ आलं म्हणून समजा. आणि थंडीने दाट झालं असेल तर तो गुडघाभर चिखलातून पळतोय. माझा दुसरा गियर रोज सकाळी त्या चिखलात होता.

आणि हो, ९० हा आकडा बघून दचकू नये. गियर ऑईलची मोजपट्टी इंजिन ऑईलपेक्षा वेगळी आहे. नव्वदचं गियर ऑईल साधारण चाळीस-पन्नासच्या इंजिन ऑईलइतकंच दाट असतं.

शनिवारी गाडी चार किलोमीटर फिरवून नेली. तेल कोमट असलं की पातळ होतं आणि तळाचा गाळ तरंगत बाहेर येतो. चारही बाजूंना घोड्या लावून गाडी सपाट उचलली. हाताखालचा पोरगा खाली सरकला आणि त्याने पाना थेट खालच्या नटाला लावला. मामांनी चपलेनेच त्याच्या पायाला ढोसलं. "आधी वरचा!"

तेल काढायचा नट खाली, भरायचा वर, केसिंगच्या कुशीत. खालचा सहज उघडतो, तेल बदाबदा सांडतं, आणि मग कळतं की वरचा गंजून बसलाय. बॉक्स रिकामा, भरायला वाट नाही, गाडी घोडीवर लटकलेली. मामांनी हा दिवस कधीतरी भोगला असणार, नाहीतर चप्पल इतक्या तत्परतेने उठली नसती.

वरचा खरंच बसलेला होता. गंज सोडवायचा स्प्रे मारून सगळे चहा प्यायलो. मग टॉमीला पाइपाचा तुकडा जोडून मामांनी स्वतः जोर लावला. 'कट्' असा कोरडा आवाज आला. नट मोडला की सुटला, हे क्षणभर कुणालाच कळेना. सुटला होता.

खालच्या नटापाशी टॉर्च धरून मामांनी मला वाकायला सांगितलं. रंगाचा एक पुसट पिवळा ठिपका नटावरून केसिंगवर सलग गेलेला. "हे कंपनीतलं. हा नट कधी फिरलेलाच नाही." म्हणजे २०१४ साली भरलेलं तेलच आत होतं. इंजिन ऑईल काजळीने काळं पडतं, म्हणून त्याला आपण जळकं ऑईल म्हणतो. गियर ऑईलच्या वाट्याला आग येत नाही, त्यामुळे ते 'जळत' नाही. पण त्याला फिल्टरही नसतो. जे झिजतं ते त्यातच राहतं.

धार पडली. काळपट तपकिरी, आणि वास असा की चाळीत कांदा सडलाय. कांद्यातही गंधक आणि तेलातही, भाऊबंदच ते. पाणी शिरलेलं असतं तर धार दुधाळ, उकळून ठेवलेल्या कॉफीसारखी आली असती. ही स्वच्छ काळी होती.

"मग गाडी पुरात नव्हती?"

"गाडीचं मला माहीत नाही," मामा म्हणाले. "गियरबॉक्स नव्हता."

नटाच्या टोकाला चुंबक असतो. त्यावर जाडसर राखाडी लेप होता, ओल्या शाडूसारखा. मामांनी तो अंगठ्याने कागदावर पसरला. मऊ, एकसारखा. त्यात दोन बारीक टोकदार कण सापडले, ते वेगळे काढून उन्हात धरले, पुन्हा टाकून दिले. दात्याचा कोपरा निघाला असता तर तो नखाएवढा असता, म्हणाले. मग हातावर थोडं तेल घेऊन तळवा उन्हाकडे फिरवला. पातळ होत गेलेल्या तेलात सोनेरी झाक उमटली. चुंबकाला न सापडणारं पितळ. दुसऱ्या गियरची सकाळची खर्र तिथे, तळहातावर, चमकत होती. थोडीशीच.

पोरग्याने तेल बाटल्यांत मोजलं. दीड लिटरच्या जरा वर. पुस्तिकेत दोनपेक्षा थोडं जास्त लिहिलंय. उरलेलं गेलं कुठे? चाकाकडे जाणाऱ्या उजव्या दांड्याच्या मुळाशी धूळ तेलाने ओली होऊन पापडीसारखी चिकटलेली. सील कोरडं पडून चिरलं होतं. खाली ठिबकण्याइतकं नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

माझा तिथल्या तिथे निकाल झाला. नोंदवही नसलेली जुनी गाडी घेतली तर गियर ऑईल एकदा काढावंच. नवं भरायला कमी, जुनं वाचायला जास्त. खर्च सील धरूनही अडीच हजारांच्या आत आला. लाइफटाइमवाल्या एजंटाने सुगंधी डबी फुकट दिली होती, हेही इथे नोंदवून ठेवतो.

सील बसवलं, खालचा नट नव्या वॉशरने बंद केला. वरून लांब नळी आणि नरसाळं. नवं तेल मधासारखं उतरत गेलं. इथे मोजून भरण्यापेक्षा वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरायचं. आधी धार, मग धारेची तार, मग थेंब. थेंबांमधलं अंतर वाढलं तसा मामांनी नट फिरवायला घेतला. पोरगा पुन्हा पाइप जोडायला निघाला तर त्याचा हात धरला. केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं, आटे गेले की मोठं काम. "बस. एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा गियर पहिल्यांदा किंचित थबकला आणि गुपचूप गेला. खर्र नाही. रिव्हर्स टाकताना मात्र तोच जुना ओरखडा. बऱ्याच छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. क्लच दाबून तीन आकडे मोजायचे, मग टाकायचा. तेलाने तो सुधारणार नव्हताच.

शनिवारी घरी आलो तेव्हा साबणाने तीनदा हात धुतले होते. तरी संध्याकाळी आई स्वयंपाकघरात कांद्याची टोपली उपडी करून एकेक कांदा दाबून बघत होती. मी काही बोललो नाही. एक खरंच सडका निघाला.