नात फळे तोडायला निघते तेव्हा

वाचकहो, गेल्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक आजोबा आले. गेली बारा वर्षे ते रक्तदाबाच्या तपासणीसाठी माझ्याकडे येतात. दर वेळी सोबत त्यांची नात असते. गोळ्यांची नावे तिला पाठ असतात आणि मागचे आकडे तिच्या वहीत असतात. त्या दिवशी मात्र ते एकटेच आले. रक्तदाब १७८/९६ भरला. गोळ्या नियमित चालू होत्या, पण आठ-दहा दिवस झोप नव्हती. कारण विचारले तेव्हा थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "डॉक्टर, माझ्या वडिलांनी दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करून मला शाळेत घातलं. मी मुलाला इंजिनिअर केलं. आणि आता नात पदवी घेऊन ऑस्ट्रेलियात चेरी तोडायला निघालीय, पाठीवर पिशवी टाकून! मग तीन पिढ्या आम्ही केलं काय?"

आपल्यापैकी काहींच्या घरी हा प्रश्न आला असेल, काहींच्या घरी येऊ घातला असेल. म्हणून त्याचा नीट विचार करू या.

हा बेत काय असतो?

ऑस्ट्रेलियात १८ ते ३० वर्षे वयाच्या परदेशी तरुणांना वर्षभर फिरण्यासाठी आणि खर्च भागवण्यापुरते काम करण्यासाठी खास व्हिसा मिळतो. २०२४ सालापासून तो भारतीयांसाठीही खुला झाला आहे. वर्षाला १,००० जागा असून निवड सोडतीने होते. अशा व्हिसावरील तरुण ठरावीक ग्रामीण भागांत तीन महिने शेतीसारखे काम करतात आणि त्या बळावर दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करू शकतात. न्यू साउथ वेल्समधील यंग या गावी नोव्हेंबर-डिसेंबरात चेरीचा हंगाम असतो, त्यानंतर तो टास्मानियात सुरू होतो. मिल्ड्युराच्या परिसरात उन्हाळ्याच्या अखेरीस द्राक्षे निघतात, तर क्वीन्सलँडमधील बंडाबर्गच्या आसपास भाजीपाल्याचे काम वर्षातील बराच काळ चालते. हंगामामागून हंगाम गाठत ही मुले देश पाहतात.

आजोबांना मी म्हणालो, "बीडहून ऊसतोडीला जाणारे कुटुंब मुकादमाची उचल घेऊन, म्हणजे कर्ज अंगावर घेऊन निघते. तुमची नात स्वेच्छेने निघाली आहे. काम तेच असेल, पण निघण्याचे कारण वेगळे आहे." त्यांना हे पटले. मात्र हा फरक एका अटीवर टिकतो, हे मी त्यांना सांगितले आणि आपणांसही सांगतो. खिशात परतीचे पैसे आणि हातात स्वतःचा पासपोर्ट असेल तोवरच ती निवड असते. पैसे संपले की मिळेल ते काम, मिळेल ती खोली आणि सांगतील ती मजुरी पत्करावी लागते. म्हणून परतीचे भाडे व दीड-दोन महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात ठेवावा आणि त्याला हात लावू नये. 'स्वस्तात फिरणे' म्हणजे हा साठाही न ठेवणे, असा अर्थ कोणी लावू नये.

फसवणूक कोठे होते?

काम मिळवून देण्यासाठी आगाऊ पैसे मागणारा, पासपोर्ट 'सांभाळायला' घेणारा आणि मजुरीतून काही रक्कम रोखीने परत मागणारा अशा तिघांपासून दूर राहावे. काही वसतिगृहे 'खोली घ्या, काम आम्ही देतो' असे सांगतात. पण पावसामुळे तोडणी थांबली, तरी खोलीचे भाडे चालूच राहते. जितकी तोडणी तितकी मजुरी अशा कामातही एप्रिल २०२२ पासून तेथे तासाच्या किमान मजुरीची हमी आहे. म्हणून कामाचे तास रोज वहीत लिहून ठेवावेत. मजुरीबाबत तक्रार असल्यास फेअर वर्क ओम्बुड्समन या सरकारी कार्यालयाकडे दाद मागता येते.

राहण्याच्या जागेला धुराची सूचना देणारे यंत्र आणि बाहेर पडण्याच्या दोन वाटा आहेत का, हे पहिल्याच दिवशी पाहावे. २३ जून २००० रोजी क्वीन्सलँडमधील चिल्डर्स येथे अशाच एका वसतिगृहाला आग लागून पंधरा तरुण प्रवासी मृत्युमुखी पडले होते. त्यांच्यापैकी अनेक जण शेतात हंगामी काम करण्यासाठी तेथे उतरले होते.

प्रकृतीची तयारी

आता माझ्या अखत्यारीतील गोष्टी सांगतो.

निघण्यापूर्वी धनुर्वाताची लस तपासावी. दहा वर्षे उलटली असतील तर ती पुन्हा घ्यावी. दात व चष्म्याची कामे येथेच उरकावीत. नेहमीची औषधे असतील तर ती चिठ्ठीसह मूळ वेष्टनात न्यावीत. भारतीय प्रवाशांना तेथील सरकारी आरोग्यसेवेचा लाभ मिळत नाही, त्यामुळे विमा हवाच. तो घेताना शेतातील अंगमेहनतीच्या कामाचा समावेश आहे का, हे वाचून पाहावे, कारण प्रवासाच्या अनेक विम्यांतून असे काम वगळलेले असते.

ऑस्ट्रेलियातील उन्हाळा आपल्या हिवाळ्यात येतो. येथील थंडीतून गेलेले शरीर एकदम उन्हात राबू लागते. उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून पहिले काही दिवस काम बेताने वाढवावे, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, लांब बाह्यांचे कपडे आणि रुंद काठाची टोपी वापरावी. डोके दुखणे, पायात गोळे येणे, मळमळणे ही पहिली सूचना समजावी. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या देऊ लागला तर तो उष्माघात समजावा, मग घाम येत असला तरी. अशा वेळी सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि तातडीच्या मदतीसाठी ०००, म्हणजे तीन शून्ये, हा क्रमांक फिरवावा.

फवारणी झालेल्या बागेत किती वेळाने शिरायचे, हे विचारल्याशिवाय आत जाऊ नये. हात धुतल्यावाचून खाऊ नये. साप चावल्यास जखम धुऊ नये, कापू नये. संपूर्ण हाता-पायाला रुंद पट्टी घट्ट बांधून तो अवयव हलू देऊ नये आणि मदत येईपर्यंत जागेवरच थांबावे. शिडीवर चढून फळे तोडताना एका बाजूला झुकू नये. शिडी खाली उतरून हलवावी.

मागे राहणाऱ्यांनी काय करावे?

आजोबांच्या निद्रानाशाचे आणखी एक कारण होते. ते त्यांनी उठता उठता सांगितले. "ती गेल्यावर माझ्याबरोबर येणार कोण?" वाचकहो, हा प्रश्न विचारण्यात स्वार्थ नाही आणि लाज बाळगण्याजोगेही काही नाही. जी व्यक्ती आपली काळजी घेते ती वर्षभर दूर जाणार असेल, तर ती जबाबदारी कोणाकडे तरी रीतसर सोपवायला हवी.

जाण्यापूर्वी महिनाभर आधी नव्या काळजीवाहकाला दवाखान्यात सोबत आणावे. औषधांची यादी, जुने अहवाल, डॉक्टरांचा क्रमांक आणि विम्याचे कागद एकाच फाइलमध्ये ठेवावेत. आठवड्याच्या गोळ्यांचा डबा कोण भरणार, हे ठरवावे. फोनची एक वेळ निश्चित करावी. पूर्व ऑस्ट्रेलियातील घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास असते, तेथील काही राज्यांत उन्हाळ्यात साडेपाच तास. शेतात मोबाइलला नेहमी रेंज मिळेलच असे नाही. एखादा फोन चुकला म्हणून रात्र जागवू नये, पण दोन ठरलेल्या वेळा लागोपाठ चुकल्या तर कोणाला विचारायचे, हे आधीच लिहून ठेवावे.

आणि एक विनंती. 'तिला उगाच काळजी नको' म्हणून आपले आजारपण लपवू नका. आपण लपवले की तीही आपली अडचण लपवू लागते. दोन्हीकडून 'सगळं छान आहे' एवढेच ऐकू येऊ लागले, की त्या फोनवरून खरे काहीच कळत नाही.

डिसेंबरात आजोबा मुलाबरोबर तपासणीला आले. रक्तदाब १३८/८२ होता. नातीच्या बागेत आठवडाभर पावसाने काम बंद राहिले, खोलीचे भाडे मात्र भरावे लागले. तिने ते आजोबांना मोकळेपणाने सांगितले आणि राखीव पैशांतून तिकीट काढून ती दुसऱ्या गावी गेली. आजोबांनीही चक्कर येऊन गेल्याचे तिच्यापासून लपवले नव्हते. तिनेच वडिलांना फोन करून त्यांना माझ्याकडे पाठवले होते.

जाताना त्यांनी मला मोबाइलवर एक छायाचित्र दाखवले. नातीचे तळहात होते. बोटांच्या मुळाशी घट्टे पडले होते, मनगटावर फांद्यांचे ओरखडे होते.

"अगदी माझ्या वडिलांचे हात," ते म्हणाले. मग मोबाइल जपून खिशात ठेवून त्यांनी मला विचारले, "डॉक्टर, यावर तिनं लावायला काय सांगू?"

मी साधे व्हॅसलीन आणि सुती हातमोजे सुचवले. त्यांनी ते स्वतःच्या हाताने वहीत लिहून घेतले.